२५ सेंट, मंगळवार आणि शुक्रवार

न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या १३३व्या रस्त्यावर सेंट फिलिप्स या चर्चचं पॅरिश हाउस आहे. ८ मार्च १९४६ रोजी त्याच्या तळघरात एक मानसोपचार केंद्र सुरू झालं. आठवड्यातले दोनच दिवस, मंगळवार आणि शुक्रवार. वेळ संध्याकाळी ६ ते ८, म्हणजे लोक कामावरून आणि मुलं शाळेतून परतल्यावरची. फी २५ सेंट. डॉक्टरनं कोर्टात येऊन साक्ष द्यायची असेल तर ५० सेंट. तेवढेही नसतील तर काहीच नाही. डॉक्टर, समाजसेविका, टायपिंग करणाऱ्या बायका, सगळे बिनपगारी. हार्लेममध्ये तेव्हा चार लाखांच्या आसपास कृष्णवर्णीय लोक राहत होते, आणि मनाच्या दुखण्यासाठी त्यांना आपलं म्हणता येईल असं दार जवळपास नव्हतंच.

केंद्राचं नाव होतं लाफार्ग क्लिनिक. पॉल लाफार्ग हा क्यूबात जन्मलेला, आफ्रिकी रक्ताचा वारसा असलेला डॉक्टर आणि समाजवादी, कार्ल मार्क्सचा जावई. १९११ मध्ये त्यानं आणि त्याच्या बायकोनं, म्हणजे मार्क्सच्या मुलीनं, एकत्र आत्महत्या केली होती. नाव ठेवणाऱ्यांच्या डोक्यात त्याचं राजकारण होतं, मरण नव्हतं. पण मला हे कळलं तेव्हा मी थोडा वेळ थांबलो, कारण मी शोधत होतो ते नेमकं आत्महत्येबद्दलच होतं.

शोधाचं कारण साधं आहे. मी पुण्यात बसून अमेरिकेतल्या दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर लिहितो. माझ्या स्क्रीनवर रोज तेच कॉलम असतात: वय, पत्ता, विमा, भाषा, वंश. आमच्या क्षेत्रात एक लाडकी गोष्ट असते, 'नो-शो'चा अंदाज. पेशंट येणार नाही याची शक्यता किती, हे आधीच काढायचं आणि न येणाऱ्यांच्या वेळेत दुसऱ्यालाही बसवायचं, म्हणजे डॉक्टरचा वेळ फुकट जात नाही. यावर झालेलं संशोधन वाचताना दिसलं, की अशा अंदाजांमुळे कृष्णवर्णीय पेशंट वेटिंग रूममध्ये जास्त वेळ ताटकळतात. आधी ज्यांना येणं अवघड होतं त्यांचा नो-शोचा आकडा मोठा; म्हणून त्यांना ओव्हरबुक केलेली वेळ; म्हणून जास्त थांबणं; म्हणून पुढच्या वेळी न येणं. कोडमध्ये कुणी कुठेही वंशद्वेष टाईप केलेला नाही. तिथून मी मागे मागे जात राहिलो.

आणि पुढचा एक आकडा डोक्यात होताच. २०२२ मध्ये अमेरिकेत १० ते १९ वर्षं वयाच्या कृष्णवर्णीय मुलामुलींचा आत्महत्येचा दर पहिल्यांदाच गोऱ्या मुलांच्या वर गेला. २०१८ ते २०२२ या काळात तो ५४ टक्क्यांनी वाढला, गोऱ्या मुलांचा १७ टक्क्यांनी कमी झाला. (मूळनिवासी अमेरिकन मुलांचा दर या दोघांपेक्षाही वर आहे, ती वेगळी आणि आणखी जुनी कहाणी आहे.) या बातमीवरची बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया आश्चर्याची होती. कृष्णवर्णीय लोक आत्महत्या करत नाहीत, ही समजूत तिकडे गोऱ्यांमध्ये होती तशी कृष्णवर्णीयांच्या घरांत आणि चर्चमध्येही होती. ती आली कुठून?

तिची एक मुळी १८४० च्या जनगणनेत सापडते. अमेरिकेच्या या सहाव्या जनगणनेत पहिल्यांदाच 'वेडे' आणि 'मतिमंद' यांची मोजदाद वंशानुसार झाली. आकडे आले तेव्हा दक्षिणेतल्या गुलाममालकांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. उत्तरेतल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांत वेडाचं प्रमाण दक्षिणेतल्या गुलामांच्या सुमारे दहापट! मेन राज्यात तर दर चौदा कृष्णवर्णीयांमागे एक वेडा. निष्कर्ष तयारच होता: स्वातंत्र्य यांना झेपत नाही, गुलामीतच यांचं डोकं ठिकाणावर राहतं.

मॅसॅच्युसेट्समधला एडवर्ड जार्विस हा डॉक्टर आधी या आकड्यांवर विश्वास ठेवून बसला होता. मग त्यानं गावागावाचे तक्ते उघडले. ज्या गावांत एकही कृष्णवर्णीय माणूस राहत नव्हता, तिथेही कृष्णवर्णीय वेड्यांची नोंद होती. वूस्टर गावात राज्याचं मनोरुग्णालय होतं. तिथले १३३ गोरे रुग्ण कृष्णवर्णीयांच्या रकान्यात पडले होते. छापील तक्ता प्रचंड रुंद, रकाने अरुंद, आणि भरणारे कंटाळलेले. ज्यानं कधी सत्तर कॉलमची एक्सेल शीट हातानं भरली आहे त्याला हे कसं होतं ते सांगायला नको. न्यूयॉर्कमधले जेम्स मॅक्यून स्मिथ यांनीही आकड्यांची चिरफाड केली. वैद्यकीय पदवी मिळवणारे हे पहिले आफ्रिकन अमेरिकन. अमेरिकेतल्या कॉलेजांनी प्रवेश नाकारल्यामुळे त्यांनी ती १८३७ मध्ये ग्लासगोहून आणली होती.

चूक दाखवून दिल्यावर काय झालं, हा भाग मला जास्त ओळखीचा वाटला. परराष्ट्रमंत्री जॉन कॅल्हून यांनी १८४४ मध्ये ब्रिटिश राजदूताला लिहिलेल्या पत्रात गुलामीच्या समर्थनासाठी हेच आकडे वापरले. चौकशीची मागणी झाली तेव्हा ती ज्या माणसाच्या देखरेखीखाली जनगणना झाली होती त्याच्याकडेच सोपवली. त्याला आपल्या कामात विशेष दोष आढळला नाही. आकडे तसेच छापील राहिले.

१८५१ मध्ये सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरनं त्याला आणखी एक मजला चढवला. पळून जाणाऱ्या गुलामांना एक मानसिक आजार असतो, त्याचं नाव 'ड्रॅपिटोमेनिया', आणि त्यावरच्या इलाजांत चाबूकही होता. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही मानसोपचाराच्या मासिकांतून लिहिलं जात होतं की या लोकांना खरं नैराश्य सहसा येत नाही. ते मुळात आनंदी, भविष्याची फिकीर नसलेले. ज्याला नैराश्यच येत नाही तो आत्महत्या कशी करेल? म्हणजे पळून गेला तर वेडा आणि राहिला तर सुखी. दुःखी असण्याचा पर्यायच फॉर्ममध्ये नव्हता.

१९३८ मध्ये चार्ल्स प्रूडोम या कृष्णवर्णीय डॉक्टरनं अमेरिकन निग्रोंमधल्या आत्महत्यांवर सविस्तर लेख लिहिला. या विषयावरच्या पहिल्या गंभीर लेखांपैकी तो एक. तो वाचला किती जणांनी, हा प्रश्नच आहे.

आता परत तळघरात येऊ.

लाफार्ग क्लिनिक तीन-चार माणसांच्या हट्टातून उभं राहिलं. एक रिचर्ड राइट, 'नेटिव्ह सन' आणि 'ब्लॅक बॉय'चा लेखक. दुसरा फ्रेडरिक वर्थम, जर्मनीहून आलेला, तुरुंगातल्या आणि कोर्टातल्या माणसांना तपासणारा मानसोपचारतज्ज्ञ. तिसरे रेव्हरंड शेल्टन हेल बिशप, ज्यांनी जागा दिली. आणि चौथी व्यक्ती, जिचं नाव सहसा शेवटी येतं, डॉ. हिल्डे मॉसे. बर्लिनच्या मोठ्या ज्यू प्रकाशक घराण्यातली ही मुलगी नाझींमुळे देशोधडीला लागली आणि हार्लेममध्ये येऊन दर मंगळवारी-शुक्रवारी मुलांना तपासत बसली. कादंबरीकार राल्फ एलिसनही यात होता. त्यानं १९४८ मध्ये या क्लिनिकवर लेख लिहिला, 'हार्लेम इज नोव्हेअर'. सोबत गॉर्डन पार्क्सचे फोटो होते. ज्या मासिकासाठी लिहिला ते मासिकच बंद पडलं आणि लेख छापून यायला १९६४ उजाडलं.

पैशासाठी राइट आणि वर्थम यांनी बऱ्याच दारांवर थापा मारल्या. धर्मादाय संस्थांनी नकार दिला. तेव्हा त्यांनी ठरवलं, पैशाशिवाय सुरू करायचं. हे ठरवणं वाटतं तितकं रोमँटिक नाही. पैसा नसल्यामुळे आठवड्याला चार तासच मिळाले आणि पुढची बारा वर्षं त्या चार तासांवर गर्दी होत राहिली. माणसं उपचाराला येत नाहीत, त्यांना मानसोपचाराची लाज वाटते, असं आजही म्हटलं जातं. लाज होतीच, तेव्हा आजच्यापेक्षा जास्त असणार. तरी लोक आले. दार चालत जाण्याच्या अंतरावर होतं, चर्चचं होतं, संध्याकाळी उघडं होतं आणि आत बसलेला माणूस, गोरा असला तरी, तुमचं दुःख तुमच्या कातडीतून येतं असं म्हणत नव्हता. घरभाडं, नोकरी, पोलीस, शाळा या गोष्टी तिथे केस पेपरवर लिहिल्या जात.

त्याच वर्षी, त्याच हार्लेममध्ये, थोडं उत्तरेला, आणखी एक तळघर. मेमी आणि केनेथ क्लार्क या मानसशास्त्रज्ञ जोडप्यानं डनबार अपार्टमेंट्सच्या तळमजल्यात मुलांसाठी केंद्र काढलं. भांडवल ९४६ डॉलर, मेमीच्या वडिलांकडून उसने. दोघंही कोलंबिया विद्यापीठातून मानसशास्त्रात पीएचडी झालेले. त्या विभागातून पीएचडी मिळवणारा केनेथ पहिला कृष्णवर्णीय, मेमी दुसरी. (कोलंबिया हार्लेमला लागूनच आहे. तीस वर्षांपूर्वी तिथेच बाबासाहेब आंबेडकर शिकले होते, आणि याच १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून, निग्रोंच्या वतीनं संयुक्त राष्ट्रसंघाकडे जो अर्ज जाणार होता त्याच्या प्रती मागवल्या होत्या. द्यू बॉइस यांचं उत्तरही आलं.)

क्लार्क पती-पत्नी आठवतात ते बाहुल्यांच्या प्रयोगासाठी. वूलवर्थच्या दुकानातून ५० सेंटला एक अशा आणलेल्या बाहुल्या, रंग सोडून सगळं सारखं, आणि मुलांना विचारलेले प्रश्न: छान कोणती, वाईट कोणती, तुझ्यासारखी कोणती. बरीचशी कृष्णवर्णीय मुलं गोरी बाहुली छान म्हणाली. शेवटच्या प्रश्नाला काही मुलं रडली, काही खोलीतून निघून गेली. हा प्रयोग प्रसिद्ध आहे, त्यावर टीकाही झाली आहे. मला मात्र मेमीचं दुसरं काम मोठं वाटतं, जे फार कुणी सांगत नाही. हार्लेममधल्या पालकांची तक्रार होती की शाळा आमच्या मुलांना मतिमंदांच्या वर्गात टाकते. मेमीनं आपल्या केंद्रात त्या मुलांच्या चाचण्या पुन्हा घेतल्या. बहुतेकांची बुद्धी त्या वर्गाच्या मर्यादेच्या वर निघाली, म्हणजे त्यांना तिथे टाकणं बेकायदा होतं. तिनं निकाल पालकांच्या हातात दिले आणि पालक शाळेत गेले. जार्विसनं वूस्टरचा तक्ता उघडला होता, तसंच हे. फक्त इथे प्रत्येक चुकीच्या नोंदीला एक नाव आणि एक आई होती.

लाफार्गची एक गोष्ट थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९५१ मध्ये डेलावेअर राज्यातून काही मुलं, कृष्णवर्णीय आणि गोरी दोन्ही, तपासणीसाठी हार्लेमच्या या तळघरात आणली गेली. शाळांमधल्या वंशभेदाविरुद्ध खटला चालू होता. वर्थमनं कोर्टात सांगितलं की इजा शाळेच्या इमारतीमुळे किंवा नसलेल्या बसमुळे होत नाही. तुला वेगळं ठेवणं हा सरकारचा नियम आहे, हे मुलाला रोज कळतं, त्यानं ती होते. न्यायाधीश कॉलिन्स सायट्झ यांनी १९५२ मध्ये कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या शाळेत घ्यायचा आदेश दिला. पुढे 'ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' या नावाखाली जे पाच खटले एकत्र झाले, त्यांत खालच्या कोर्टात मुलांना प्रवेश मिळालेला हा एकमेव. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं शाळांमधला वंशभेद घटनाबाह्य ठरवला आणि निकालाच्या अकराव्या तळटीपेत क्लार्कचं काम नोंदवलं. मुलाच्या मनाला झालेली इजा ही कायद्याच्या दृष्टीनं इजा आहे, हे मान्य व्हायला दोन तळघरं कामाला आली.

वर्थमबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर माझ्याच वयाचे कॉमिक्सवाले वाचक मला सोडणार नाहीत. होय, हा तोच वर्थम. १९५४ मध्ये ज्याच्या 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' या पुस्तकानं कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं सांगून अमेरिकेत खळबळ उडवली, सिनेटच्या सुनावण्या झाल्या, कॉमिक्सवर सेन्सॉरशिप आली. त्यातली बरीच सामग्री लाफार्गमधल्या मुलांकडूनच आली होती. कॅरल टिली या संशोधक बाईंनी त्याची कागदपत्रं तपासून २०१२ मध्ये दाखवून दिलं की मुलांचे जबाब त्यानं आपल्या सोयीनं कापले, जोडले, बदलले. म्हणजे हार्लेमच्या मुलांचं ऐकून घेणारा हाच, आणि त्यांचे शब्द वाकवणाराही हाच. मला यातून कुठलाही सोयीस्कर तोल काढता येत नाही. दोन्ही खरं आहे.

लाफार्ग १९५८ मध्ये बंद झालं. स्वयंसेवकांच्या जोरावर चाललेली गोष्ट स्वयंसेवक थकले की थांबते. क्लार्क यांचं नॉर्थसाइड सेंटर मात्र आजही हार्लेममध्ये चालू आहे, कारण त्यांनी हळूहळू पगार, देणगीदार आणि सरकारी निधी अशी कंटाळवाणी व्यवस्था उभी केली. स्टार्टअपच्या गोष्टी ऐकून वाढलेल्या आमच्या पिढीला या दोन केंद्रांची तुलना उपयोगी पडेल.

१९६३ मध्ये केनेडींनी सामुदायिक मानसिक आरोग्य कायद्यावर सही केली. मोठी मनोरुग्णालयं रिकामी करायची आणि वस्तीवस्तीत केंद्रं काढायची, अशी कल्पना. ठरवलेल्या १५०० पैकी जेमतेम निम्मी केंद्रं झाली. रुग्णालयं मात्र रिकामी झाली. त्याच दशकात निदानाच्या रकान्यात पुन्हा काहीतरी हललं. जोनाथन मेट्झल या मानसोपचारतज्ज्ञानं मिशिगनमधल्या आयोनिया मनोरुग्णालयाचे जुने केस पेपर वाचून दाखवलं आहे, की आधी गोऱ्या गृहिणींना लावलं जाणारं स्किझोफ्रेनियाचं निदान साठच्या दशकात रागावलेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना लागू लागलं. १९७४ मधल्या एका औषधाच्या जाहिरातीत मूठ उगारलेला कृष्णवर्णीय माणूस होता. शंभर वर्षांपूर्वी पळणं हा आजार होता, आता रागावणं हा आजार झाला. नैराश्याचा रकाना अजूनही रिकामाच.

१९६९ मध्ये हर्बर्ट हेंडिन यांचं 'ब्लॅक सुइसाइड' हे पुस्तक आलं. न्यूयॉर्कमध्ये २० ते ३५ वयाच्या कृष्णवर्णीय पुरुषांत आत्महत्या त्याच वयाच्या गोऱ्या पुरुषांच्या दुप्पट आहेत, असं त्यांना आढळलं. सगळ्या वयांची सरासरी काढली की हे दिसत नव्हतं, कारण म्हातारपणी गोऱ्यांत आत्महत्या जास्त आणि कृष्णवर्णीयांत कमी. सरासरीनं तरुण मुलं झाकून टाकली होती. त्याच वर्षी मे महिन्यात मायामीत मानसोपचारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेचं अधिवेशन भरलं होतं. विश्वस्त न्याहारी करत असताना कृष्णवर्णीय डॉक्टर आत शिरले आणि मागण्या मांडल्या. त्यांच्या नव्या संघटनेचे पहिले अध्यक्ष चेस्टर पिअर्स. 'मायक्रोअ‍ॅग्रेशन' हा आज इन्स्टाग्रामवर चघळून चोथा झालेला शब्द याच माणसानं १९७० मध्ये दिला. आणि 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या मालिकेचे ते सल्लागार होते. आपल्याकडच्या 'गली गली सिम सिम'ची ही आजी. कृष्णवर्णीय मूल टीव्ही लावेल तेव्हा त्याला आपल्यासारखी, आनंदात असलेली माणसं दिसली पाहिजेत, हे त्यांच्या दृष्टीनं मनोरंजन नव्हतं, लसीकरण होतं.

यापुढचा इतिहास इशाऱ्यांचा आहे, आणि तो लवकर सांगून संपतो, कारण त्यात तेच तेच घडतं. १९९८ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं, सीडीसीनं जाहीर केलं की १९८० ते १९९५ या काळात १० ते १९ वयाच्या कृष्णवर्णीय मुलांतला आत्महत्येचा दर दुपटीहून जास्त झाला. एका लाखाला २.१ वरून ४.५. सर्जन जनरल डेव्हिड सॅचर यांनी पुढच्या वर्षी देशाला आवाहन केलं. मग दर थोडा उतरला आणि लक्षही उतरलं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की ५ ते १२ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांत आत्महत्येचा दर गोऱ्या मुलांच्या दुप्पट आहे. मोठ्या मुलांत तो गोऱ्यांच्या निम्मा असल्यामुळे एकत्र आकड्यात हे लपलं होतं. परत सरासरीच. एप्रिल २०१९ मध्ये बॉनी वॉटसन कोलमन या खासदारांच्या पुढाकारानं काँग्रेसमधल्या कृष्णवर्णीय सदस्यांनी तातडीची समिती नेमली. तज्ज्ञांच्या गटाचं नेतृत्व न्यूयॉर्क विद्यापीठातल्या मायकल लिंडसी यांच्याकडे होतं. डिसेंबरमध्ये 'रिंग द अलार्म' नावाचा अहवाल आला. लिंडसींच्याच अभ्यासानुसार १९९१ ते २०१७ या काळात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं सांगणाऱ्या कृष्णवर्णीय किशोरांचं प्रमाण ७३ टक्क्यांनी वाढलं होतं.

मग प्रश्न येतो दाराचा. आज त्या मुलाला मदतीपर्यंत पोचायला काय काय ओलांडावं लागतं?

पहिलं, ओळखलं जाणं. किशोरवयातलं नैराश्य बऱ्याचदा रडण्यातून दिसत नाही. ते चिडचिडीतून, भांडणातून, पोटदुखी-डोकेदुखीतून दिसतं. गोऱ्या मुलाच्या चिडण्यामागे काय असेल असं शाळा विचारते. कृष्णवर्णीय मुलाला निलंबित करते. अमेरिकी शाळांत कृष्णवर्णीय मुलांच्या निलंबनाचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट आहे. देशातली १ कोटी ४० लाख मुलं अशा शाळांत शिकतात जिथे पोलीस आहे, पण समुपदेशक, नर्स, मानसशास्त्रज्ञ, समाजसेविका यांपैकी एकही नाही, असं २०१९ च्या एका अहवालात आहे. मेमी क्लार्क ज्या चुकीच्या वर्गातून मुलं बाहेर काढत होती, त्याची ही नवी इमारत. आणखी एका राष्ट्रीय पाहणीत, आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या कृष्णवर्णीय किशोरांपैकी जवळपास निम्म्यांना आधी कुठल्याच मानसिक आजाराचं निदान झालेलं नव्हतं. 'आधी कुणाला दाखवलं होतं का' एवढाच प्रश्न विचारून जो फॉर्म पुढे सरकतो, तो या निम्म्यांना ओळखणार नाही.

दुसरं, फोन उचलला जाणं. हीदर कुगेलमास या संशोधिकेनं न्यूयॉर्कमधल्या ३२० थेरपिस्टना व्हॉइसमेल पाठवले. आम्ही ए-बी टेस्ट म्हणतो तेच. विमा सारखा, तक्रार सारखी, संध्याकाळच्या वेळेची विनंती सारखी; फरक फक्त नावाचा आणि बोलण्याच्या धाटणीचा. मध्यमवर्गीय गोऱ्या वाटणाऱ्या आवाजांपैकी २८ टक्क्यांना वेळ मिळाली, मध्यमवर्गीय कृष्णवर्णीय आवाजांपैकी १७ टक्क्यांना. कामगारवर्गीय आवाज, गोरा असो वा कृष्णवर्णीय, ८ टक्के. त्या रात्री मी रिक्षातून घरी येताना हा ८ चा आकडा डोक्यात घोळत होता. यांतला एकही फोन कुठल्याही डेटाबेसमध्ये 'नकार' म्हणून नोंदला जात नाही. न आलेला पेशंट नो-शो होतो. न घेतलेला पेशंट काहीच होत नाही. आणि आपल्यासारखा दिसणारा डॉक्टर शोधायचा म्हटलं, तर अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांत कृष्णवर्णीय शेकडा दोनच्या आसपास.

तिसरी भीती, मदत मागितली तर येईल कोण? जानेवारी २०२१ मध्ये रोचेस्टर शहरात नऊ वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलीच्या घरून फोन गेला. ती स्वतःला संपवण्याबद्दल बोलत होती. आले ते पोलीस. त्यांनी तिला हातकड्या घातल्या आणि गाडीत बसत नाही म्हणून तोंडावर पेपर स्प्रे मारला. कॅमेऱ्यातलं चित्रण साऱ्या देशानं पाहिलं. असं पाहिलेली आई पुढच्या वेळी फोन करताना दहादा विचार करेल आणि कुणी तिला अडाणी म्हणू नये.

जुलै २०२२ मध्ये अमेरिकेत ९८८ हा तीन आकडी मदतक्रमांक सुरू झाला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला आपल्याकडे टेली-मानस आलं. १४४१६ फिरवला की पैसे न लागता मराठीतही बोलता येतं. वाचणाऱ्यांपैकी कुणाला स्वतःसाठी किंवा मित्रासाठी लागला तर नंबर सेव्ह करून ठेवा.

मला जास्त रस वाटतो तो तळघराच्या जातीच्या प्रयोगांत. शिकागोत लावोम रॉबिन्सन या प्राध्यापिकेनं ताण हाताळण्याचा एक कार्यक्रम कृष्णवर्णीय किशोरांच्या रोजच्या जगण्याला धरून नव्यानं बांधला. त्यांच्याच शाळेत, गटानं, १५ बैठका. 'तू आजारी आहेस' असं कुणालाही म्हणावं लागत नाही. लिंडसींचा कार्यक्रम उपचार सुरू होण्याच्या आधीच्या पायरीवर काम करतो: मुलाला आणि पालकांना उपचाराबद्दल काय वाटतं, कशाची भीती आहे, जायला अडचण काय, हे आधी बोलायचं, आणि मग थेरपी. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये या संभाषणाला जागा नाही. तिथे 'रेफर केले' आणि 'आला नाही' यांच्यामध्ये एक रिकामी ओळ आहे.

आणि न्हावी. आर्कान्साच्या लिटल रॉकमध्ये २०१६ मध्ये लोरेंझो लुईस यांनी 'कन्फेस प्रोजेक्ट' सुरू केला. कृष्णवर्णीय वस्तीतलं सलून म्हणजे पुरुषांचा पार. पोरगा लहानपणापासून एकाच न्हाव्याकडे जातो, दर दोन आठवड्यांनी अर्धा तास त्या खुर्चीत बसतो आणि आरशातून बोलतो, समोरासमोर बघावं लागत नाही. न्हाव्यांना थेरपिस्ट करायचं नाही. ऐकावं कसं, काय ऐकल्यावर सावध व्हावं, कुठे पाठवावं, एवढंच प्रशिक्षण. आता अनेक शहरांत असे न्हावी आहेत. दुकान संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं असतं, शनिवारी तर गर्दीच असते, आणि अपॉइंटमेंट न घेता आलेल्यालाही बसायला खुर्ची मिळते.